मागितली गुणपत्रिका, लावत बसलो गुणवत्ता यादी

2025 च्या जूनमध्ये प्रागला स्टॉक ही सैद्धान्तिक संगणकशास्त्राची परिषद भरली. रस्त्यांच्या जाळ्यातल्या सगळ्यात आखूड वाटा डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांच्या गाजलेल्या रीतीपेक्षा कमी वेळात काढता येतात, असं सांगणारा एक शोधनिबंध तिथे सर्वोत्कृष्ट ठरला. त्याची बातमी आमच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येऊन पडली आणि अर्ध्या तासात गटाचे दोन तट झाले. एक तट म्हणाला, डायक्स्ट्राचा जमाना संपला, अभ्यासक्रम बदला. दुसऱ्या तटातल्या एका ज्येष्ठ सरांनी एका ओळीत निकाल लावला: ‘मग काल नाशिकला जाताना माझा नकाशा का अडकला?’ त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला आणि चर्चा तिथेच मिटली. निबंध तोवर कुणीच उघडला नव्हता. मीही तो आठवड्याभरानं उघडला, हे कबूल करते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दोन्ही तट एकाच फुटपट्टीनं मोजत होते, ती म्हणजे वेग. एकाला वेग वाढलेला दिसला, दुसऱ्याला दिसला नाही. निबंधाचं मोल त्या फुटपट्टीवर मावत नाही. चीनमधल्या त्सिंगह्वा विद्यापीठाचे रान दुआन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी दाखवलं ते इतकंच, की जिला आपण चाळीस वर्षं भिंत म्हणत होतो ती कुणी बांधलेलीच नव्हती. आपल्याला गुणपत्रिका हवी होती आणि आपण सगळ्या बोर्डाची गुणवत्ता यादी लावत बसलो होतो.

प्रश्न तसा जुना आहे. ठिकाणं आहेत, त्यांना जोडणारे रस्ते आहेत, प्रत्येक रस्त्याची लांबी ठाऊक आहे. एका ठिकाणाहून निघून बाकी प्रत्येक ठिकाणी पोचायला कमीत कमी किती अंतर पडेल? डायक्स्ट्राची रीत अशी: ज्यांचं अंतर अर्धवट कळलंय त्यांतलं सगळ्यात जवळचं ठिकाण उचलायचं, त्याचं अंतर पक्कं करायचं, तिथून पुढे जाणारे रस्ते तपासायचे आणि पुन्हा उरलेल्यांतलं सगळ्यात जवळचं उचलायचं. सगळ्यात जवळचंच का? कारण त्याच्यापर्यंत याहून आखूड वाट उरलेलीच नसते. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणावरून वळसा घ्यावा, तर ते ठिकाणच मुळात याच्याइतकं किंवा याहून लांब, आणि रस्त्याची लांबी काही उणे नसते. रीत बिनचूक आहे. पण तिच्यात एक गोष्ट न मागता घडते: ठिकाणं अंतराच्या चढत्या क्रमानं बाहेर पडतात. आपण अंतरं मागितली, तिनं अंतरं दिली आणि वर क्रमवारीही दिली. आता क्रमवारी फुकटात मिळत नाही. n वस्तू केवळ एकमेकींशी ताडून क्रमानं लावायच्या तर n गुणिले लॉग n च्या घरात तुलना कराव्याच लागतात, हे सिद्ध झालेलं आहे (लॉग n म्हणजे n ला किती वेळा निम्मं केलं की एक उरतो, तो आकडा). तेव्हा अंतरं काढण्यालाही निदान तेवढं पडणारच, असं सगळे धरून चालले. सॉर्टिंगची भिंत म्हणतात ती हीच.

एस.टी. स्टँडवरचा भाड्याचा फलक आठवा. समजा स्टँडवरून वीस गावांना थेट गाडी आहे, मधे कुठे फाटा नाही, गावागावांत दुसरा रस्ता नाही. प्रत्येक गावापुढे भाडं लिहिलंय. मला प्रत्येक गावाचं भाडं हवं असेल तर किती डोकं चालवावं लागेल? अजिबात नाही, फलक वाचायचा. पण हीच गावं स्वस्त ते महाग अशी लावून द्या म्हटलं की खरं काम सुरू होतं. सॉर्टिंगची भिंत दाखवायला पुस्तकात जे उदाहरण देतात ते नेमकं हेच असतं, मधे एक बिंदू आणि भोवती सुटलेल्या रेषा. ते उदाहरण क्रमवारी महाग आहे एवढंच सांगतं. अंतराबद्दल ते काहीच सांगत नाही, कारण तिथे अंतरं आधीच लिहिलेली आहेत! इतकी उघड गोष्ट. मीही कित्येक वर्षं हे उदाहरण फळ्यावर काढून ‘म्हणून याहून वेगानं होणार नाही’ असं ठणकावून सांगितलंय.

पहिल्या तटाचं म्हणणं आधी घेऊ, म्हणजे ‘डायक्स्ट्रा हरला’. मुळात हरला कोण? एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ही रीत 1956 मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेले असताना, कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत बसवली. आर्मॅक नावाच्या नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक सामान्य लोकांना समजेल अशा प्रश्नावर दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी नेदरलँड्समधली 64 गावं घेतली, म्हणजे गावाचा क्रमांक सहा बिटांत बसतो. निबंध छापून आला 1959 मध्ये, अवघ्या तीन पानांचा. त्यात हीप, म्हणजे ढिगातली सगळ्यात लहान वस्तू चटकन हाती देणारी रचना, नाही, कारण हीप जन्माला आला 1964 मध्ये. त्यांच्या मूळ रीतीला n च्या वर्गाइतका वेळ लागतो. आज आपण ‘डायक्स्ट्रा’ म्हणून जी वेळेची मर्यादा शिकवतो, m अधिक n लॉग n (n म्हणजे ठिकाणं, m म्हणजे रस्ते), ती मायकेल फ्रेडमन आणि रॉबर्ट टार्जन यांनी 1984 मध्ये फिबोनाची हीप रचून मिळवली. 2025 मध्ये मोडली ती ही मर्यादा. नवी मर्यादा m गुणिले लॉग n चा दोन-तृतीयांश घात. मथळ्यात मात्र डायक्स्ट्रांचं नाव येतं, कारण मथळ्याला ओळखीचा पैलवान लागतो.

बरं, त्याच्या आदल्याच वर्षी, 2024 च्या फॉक्स या याच विषयाच्या परिषदेत, सर्वोत्कृष्ट ठरलेला एक निबंध काय सांगत होता? तर योग्य हीप दिला की डायक्स्ट्राची रीत कुठल्याही जाळ्यावर सर्वोत्तम ठरते. त्याच्या पाच लेखकांत कोण, तर तेच रॉबर्ट टार्जन, चाळीस वर्षांनी. मग एका वर्षी सर्वोत्तम आणि पुढच्या वर्षी मागे टाकली, हे कसं? दोन्ही निबंध बरोबर आहेत. 2024 चा निबंध प्रश्न वेगळा घेतो: ठिकाणं अंतराच्या क्रमानं लावून द्या. त्या कामात डायक्स्ट्राच्या वर कुणी नाही. 2025 चा निबंध म्हणतो, क्रम नको, फक्त अंतरं द्या. तिथे वाट मोकळी आहे. दोन निबंध शेजारी ठेवले की कळतं, इतकी वर्षं आपण दोन प्रश्नांना एक समजत होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वादात हे दोन्ही निबंध एकमेकांवर फेकून मारण्यासाठी वापरले गेले, याला काय म्हणावं!

दुआन आणि मंडळींनी केलं काय, ते थोडक्यात सांगणं भाग आहे, कारण खरी गंमत तिथेच आहे. डायक्स्ट्राच्या रीतीत कुठल्याही क्षणी एक सीमा असते, अर्धवट कळलेल्या ठिकाणांची. ती सीमा फुगत जाते आणि तिच्यातलं सगळ्यात लहान कोण हे सतत माहीत ठेवायचं म्हणजे तिची क्रमवारी सांभाळायची. याच्या उलट टोकाला बेलमन-फोर्डची रीत. तिला क्रमाची पर्वाच नसते, ती सगळे रस्ते पुन्हा पुन्हा तपासत सुटते. क्रम लावायचा खर्च नाही, पण फेऱ्यांचा खर्च प्रचंड. नवी रीत दोन्हींची गाठ मारते. सीमेवरून बेलमन-फोर्डच्या मोजक्या, समजा k, फेऱ्या मारायच्या. जी ठिकाणं जवळ होती ती तेवढ्यात पक्की होतात. जी उरली त्यांची वाट सीमेवरच्या अशा ठिकाणातून जाते, ज्याच्या पाठीशी निदान k जणांचं कुटुंब आहे. असे कुटुंबप्रमुख फार असूच शकत नाहीत. जेवढी ठिकाणं धुंडाळायची त्यांच्या k वा हिस्सा, फार तर. मग सगळ्या सीमेची उठाठेव कशाला, या प्रमुखांकडे बघा. आणि त्यांनाही एकेक करून उचलू नका, गठ्ठ्यानं उचला. पेपर तपासणीच्या केंद्रावर काम केलेल्याला हे पटकन कळेल: कुठला गठ्ठा आधी एवढं ठरलं की पुरे, गठ्ठ्याच्या आतले पेपर कमी गुण ते जास्त गुण असे लावून मग तपासायला कुणी बसत नाही. गठ्ठ्यात पुन्हा लहान गठ्ठे, त्यांत पुन्हा, असं खाली उतरत जायचं.

हे आभाळातून पडलेलं नाही, तेही सांगायला हवं. दुहेरी रस्ते आणि पूर्णांकी लांबी असेल तर क्रमवारी टाळता येते, हे मिकेल थोरुप यांनी 1999 मध्येच दाखवलं होतं. दुआन यांच्याच गटानं 2023 मध्ये दुहेरी रस्त्यांसाठी, नाणेफेकीसारख्या यदृच्छेची मदत घेऊन, ही भिंत ओलांडली होती. 2025 मध्ये एकेरी रस्ते आले आणि नाणेफेक गेली.

आता दुसरा तट. नाशिकच्या वाटेवर अडकलेल्या सरांची बाजू मी त्यांच्यापेक्षा जोरात मांडू शकते. दहा कोटी ठिकाणांचं जाळं घ्या. दोनच्या पायानं त्याचा लॉग साडेसव्वीसच्या आसपास येतो आणि त्याचा दोन-तृतीयांश घात नऊच्या किंचित खाली. म्हणजे कागदावरचा फायदा जेमतेम तिप्पट. नव्या रीतीची एकेक पायरी डायक्स्ट्राच्या पायरीपेक्षा किती तरी अवजड, तेव्हा ती तिप्पट कुठल्या कुठे विरून जाते. याहून झोंबणारी गोष्ट k ची. निबंधात k म्हणजे लॉग n चं घनमूळ, अपूर्णांक टाकून. दहा कोटींसाठी ते येतं दोन. दोन! सगळी करामत ज्या k वर उभी आहे तो तीन व्हायला 13 कोटी 42 लाख ठिकाणं लागतात. शिवाय फायदा मिळतो तो विरळ जाळ्यातच. रस्ते दाट असतील तर फिबोनाची हीपची जुनी मर्यादाच चांगली.

आणि नकाशाचं म्हणाल तर तो शुद्ध डायक्स्ट्रावर चालतच नाही, कधीचाच नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहमधल्या चौघा संशोधकांनी 2008 मध्ये एक रीत मांडली, तिच्यात ठिकाणांची प्रतवारी आधीच करून ठेवतात. साताऱ्याहून नागपूरला निघालेला माणूस बारामतीतल्या गल्ल्या तपासत नाही, हे आपल्याला न सांगता कळतं. ते यंत्राला आधीच समजावून ठेवायचं. पश्चिम युरोपच्या 1 कोटी 80 लाख ठिकाणांच्या जाळ्यावर साध्या डायक्स्ट्राला काही सेकंद लागतात, तिथे ही रीत मिनिटांच्या हिशेबातली पूर्वतयारी केली की एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर देते. हजारो पटींचा हा फरक कुठलीही भिंत न पाडता आला. इंटरनेटचे राउटर डायक्स्ट्रा रोज चालवतात, पण त्यांची जाळी इतकी लहान की लॉगचा घात कितीही खाली आणा, फरक दिसणार नाही. सरांचा नकाशा अडकला तो बहुधा घाटात ट्रक बंद पडल्याची खबर उशिरा पोचल्यामुळे. त्यावर अल्गोरिदमचा इलाज नाही.

हे सगळं मान्य. पण ‘उपयोग काय’ या प्रश्नाला आमच्यातले सिद्धान्तप्रेमी जे ठरलेलं उत्तर देतात ते मला आणखी खटकतं. ते म्हणतात, थांबा, आज नाही तर उद्या उपयोग होईल. हे वचन कुणाच्या भरवशावर द्यायचं? 2002 च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळ आहे का हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्या लांबत गेली तरी आवाक्याबाहेर न फुगणाऱ्या वेळात, कुठल्याही यदृच्छेशिवाय ठरवून दाखवलं. जगभर वाहवा झाली आणि ती रास्तच होती. आज गुप्त संदेशांची कुलुपं-किल्ल्या तयार करणारी सॉफ्टवेअर मूळ संख्या कशानं तपासतात? त्याआधीच्या मिलर-राबिन चाचणीनं. कानपूरची रीत त्या कामाला मंद पडते, आणि उद्या वेग घेईल असंही दिसत नाही. मग ती वाया गेली का? उपयोगाचं वचन देऊन तिची बाजू मांडली असेल, तर हो म्हणावं लागेल. म्हणून ते वचन देऊच नये.

उलटही घडतं. 1979 मध्ये सोव्हिएत गणिती लिओनिद खाचियान यांनी रेषीय नियोजनाचा, म्हणजे मर्यादित साधनांत जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा याचा, प्रश्न बहुपदी वेळात सुटतो हे सिद्ध केलं. अमेरिकी वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर गाजावाजा केला, फिरत्या विक्रेत्याचा (सगळी गावं एकेकदा घेऊन परतण्याची सगळ्यात आखूड फेरी शोधण्याचा) प्रश्नही आता सुटणार अशा वावड्या उठल्या. प्रत्यक्षात खाचियान यांची रीत इतकी मंद, की डँटझिग यांची 1947 ची सिम्प्लेक्सच सगळे वापरत राहिले. आमच्या गटावरचे दोन्ही तट तेव्हाही असतेच की, तेच मथळे आणि तीच थट्टा. पाच वर्षांनी, 1984 मध्ये, बेल लॅब्समधल्या नरेंद्र करमरकरांनी बहुपदीही असेल आणि कामालाही येईल अशी रीत काढली. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, आयआयटी मुंबईत शिकलेला हा माणूस; त्यांच्यामागून आलेल्या अंतर्बिंदू पद्धती आज हा प्रश्न सोडवणाऱ्या बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. खाचियान नसते तर करमरकर झाले नसते, असं मी म्हणणार नाही. त्यांची वाट निराळी होती. पण दार बंद नाही हे एकदा कळलेलं असताना ढकलणं वेगळं आणि ते भिंतीतच आहे असं धरून पाठ फिरवणं वेगळं.

या निबंधाला सगळ्यात जवळची गोष्ट मात्र त्याआधीची, 1960 ची, मॉस्कोची. आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारखा मोठा गणिती परिसंवादात म्हणाला, की n अंकी दोन संख्यांच्या गुणाकाराला n च्या वर्गाइतक्या पायऱ्या लागणारच. पटण्यासारखं होतं. हजारो वर्षं माणसं गुणाकार करताहेत, सोपी वाट असती तर एव्हाना सापडली नसती? ऐकणाऱ्यांत 23 वर्षांचा अनातोली कारात्सुबा होता. आठवड्याच्या आत त्यानं सोपी वाट आणून दिली. 23 गुणिले 41 करून बघा. शाळेतल्या रीतीनं एकेका अंकाचे चार गुणाकार लागतात. कारात्सुबाच्या रीतीनं तीन: 2 चोक 8, 3 एके 3, आणि अंकांच्या बेरजांचा 5 पाचे 25. पंचवीसातून 8 आणि 3 वजा केले की मधले 14 मिळतात. 800 अधिक 140 अधिक 3, झाले 943. चाराचे तीन, एवढंच. पण संख्या लांबलचक असल्या की हीच बचत थरावर थर साचत जाते. पायथनमध्ये मोठमोठ्या संख्यांचा गुणाकार आजही याच रीतीनं होतो. कोल्मोगोरोव यांचं काय चुकलं? ‘अजून कुणाला जमलं नाही’ आणि ‘कुणालाच जमणार नाही’ यांतलं अंतर त्यांनी पुसलं. पहिलं इतिहासाचं वाक्य आहे, दुसऱ्याला सिद्धता लागते.

आमचीही चूक तीच, फक्त ती आम्ही चार दशकं वर्गावर्गांत वाटली. आणि ही एकच समजूत हलली असंही नाही. रस्त्याची लांबी उणेही चालते अशा जाळ्यासाठी बेलमन-फोर्डची 1950 च्या दशकातली मर्यादा जेरेमी फाइनमन यांनी 2023 मध्ये खाली आणली. इतक्या जुन्या प्रश्नात लागोपाठ एवढं सापडत असेल, तर यापूर्वी तिथे कुणी फारसं शोधत का नव्हतं? मला वाटतं, पाठ्यपुस्तकातला पूर्णविराम त्याला जबाबदार आहे.

म्हणून अभ्यासक्रम बदलण्याच्या मागणीला माझा विरोध आहे, पण बदलू नका म्हणणाऱ्यांतही मी नाही. दुआन यांची रीत दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवणं हा वेडेपणा होईल. डायक्स्ट्रा आहे तिथेच राहू द्या, त्यापेक्षा सुबक काही मला माहीत नाही. बदलायचा तो प्रश्न. आमच्या विद्यापीठीय परीक्षेत सहा बिंदूंचं जाळं देतात, मुलं तक्ता भरतात, सहा गुण मिळतात. व्हायवात विचारलं, सगळ्यात लहानच का उचलायचं, तर उत्तर येतं, ‘अल्गोरिदममध्ये तसं दिलंय, मॅडम.’ हे उत्तर देणारा मुलगा नापास होत नाही, आणि त्याला शिकवणारी मीही झाले नाही. ज्याला ‘का’ ठाऊक नाही, त्याला क्रमवारी ही मागणी आहे की उपउत्पादन हे कुठून कळणार?

या सत्रात मी प्रात्यक्षिकाच्या तोंडीत एस.टी. स्टँडचा तो फलक घातला. वीस गावं, वीस थेट गाड्या. प्रत्येक गावाचं कमीत कमी भाडं सांगायला किती तुलना लागतील? निम्म्याहून अधिक मुलांनी n लॉग n म्हणून मान हलवली. एका मुलीनं फलकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जरा बिचकत म्हणाली, ‘मॅडम, एकही नाही. लिहिलंयच ना तिथे.’ जर्नलमध्ये मात्र तिनंही डायक्स्ट्रापुढे n लॉग n ला पर्याय नाही असंच उतरवलं होतं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाहेरचे परीक्षक येणार आहेत.